वफऱ्यातली राखण

शुक्रवारी दुपारी पानावर खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, वाढायचा की भाकरी, यावरून धुरींच्या घरातल्या दोन बायकांची जुंपली, तिथेच खरं तर हरीशने सगळ्यांना गाडीत कोंबून शेतावरून मंगफच्या फ्लॅटवर परत न्यायला हवं होतं. पण हरीशला बायकांचं भांडण दिसलं की लगेच मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसतं. त्या दिवशीही ते दिसलंच.

"भाकरीच वाढायची," वासंती म्हणाली. ती आबांची थोरली, हरीशची बहीण. खास आबांना न्यायला कुडाळहून आलेली, आणि येताना पिशवीभर तांदळाचं पीठ घेऊन आलेली. "राखण आमची, भाकरीपण आमचीच. उद्या म्हणशील, पिझ्झा वाढा."

"वन्सं, तो माणूस जन्मभर खुबूस खाल्लेला," लता म्हणाली. "त्याला तुमची भाकरी कामून? आम्ही वॉर्डात पेशंटलासुद्धा त्याच्या सवयीचं देतो."

"माणूस म्हणे! राखणदार आहे तो आता. तुझा पेशंट नाही."

"कोणी का असेना बाई, उपाशी राहू नये एवढंच."

लता परभणीची. हरीशशी लग्न करून कुवेतला आली, नर्स म्हणून सरकारी हॉस्पिटलात चिकटली आणि वीसेक वर्षांत तिला अरबी, मल्याळी आणि मालवणी असं सगळंच समजायला लागलं. बोलायची मात्र परभणीचंच. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण वाढायचंच आहे तर नीट वाढा, असं तिचं म्हणणं.

शेवटी आबांनी निकाल दिला. "दोनय वाढा. आणि तोंडा बंद करा."

आबांचा आवाज अजून पलटणीतला होता. सदानंद धुरी मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेले, एकाहत्तरची लढाई पूर्वेच्या चिखलात लढले, आणि पलटणीतून सुटल्यावर दोनचार वर्षांनी कुवेतला आले ते एका शेताचा वॉचमन म्हणून. वफऱ्याला, पार दक्षिणेच्या सरहद्दीजवळ. तेव्हा तिथे शेत म्हणजे भिंतीआड कोंडलेली वाळू आणि एक पंप. वॉचमनने बसून राहायचं. बसून राहणं आबांना जमेना. त्यांनी पंपाच्या ओलीवर चार सरी कांदा लावला. मालक बू यूसुफ आला, बघून पोट धरून हसला, आणि पुढच्या खेपेला टोमॅटोची रोपं घेऊन आला. तिथून पुढे बंदूक धरलेल्या हातांनी काकड्या, बटाटे, दुधीभोपळा काय काय पिकवलं त्याला सुमार नाही. सरी कवायतीच्या रांगेसारख्या सरळ. एखादं रोप रांग सोडून वाढलं तर आबा त्याला शिवी घालत.

मग इराकची फौज आली. आबांनी बायकोला, ताराला, आणि दोन्ही पोरांना बसमधून अम्मानच्या वाटेने घरी धाडलं, आणि स्वतः मागे राहिले. शेळ्या कोण बघणार, म्हणाले. फौज माघारी पळायला लागली, तेलविहिरींच्या धुराने दुपारी अंधार पडायला लागला, तेव्हा एक शिपाई भिंत चढून आत आला आणि पंपाजवळ कोसळला. पळणाऱ्या इराकी फौजेतला. पोटात लागलेलं. काही तास जगला. आबांनी त्याला शेताच्या कोपऱ्यात, झाऊच्या झाडांखाली, त्यांच्या पद्धतीने मक्केकडे तोंड करून पुरलं. लढाई संपल्यावर बू यूसुफला दाखवलं. तो म्हणाला, आहे तिथे राहू दे त्याला, हलवू नकोस.

तेव्हापासून तो कोपरा नांगरला नाही. आबांनी तिथे चुन्याने रंगवलेले दगड मांडले आणि दर वर्षी राखण द्यायला लागले. जमिनीचा एक राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा, म्हणजे तो शेत आणि घर सांभाळतो, ही कुडाळकडची रीत. तिथे कोंबडा देतात, बाटली ठेवतात. इथे आबांनी कोंबडा आणि बाटली दोन्ही रद्द केलं. मेलेला मुसलमान, त्याला दारू कशी चालेल? त्याऐवजी नारळ, खजूर, काळा चहा आणि एक सिगरेट. शिपायाला सिगरेट लागतेच, हे आबांचं ज्ञान. तो कसा दिसायचा हे मात्र आबांनी कधीच सांगितलं नाही. वासंती आणि हरीश लढाईनंतर कुडाळहून शाळेच्या सुट्टीत बापाकडे यायला लागले तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांपुढे एक धिप्पाड, झुपकेदार मिशांचा, खांद्याला बंदूक लावलेला बाप्या होता, आणि त्याला घाबरून ती दोघं पंपाकडे एकटी जात नसत.

आता हे सगळं आवरायची वेळ आली होती. बू यूसुफ वारला. शेत त्याच्या मुलाकडे, यूसुफकडे आलं, तो लोकांना सुट्टीचे दोन दिवस राहायला बंगल्या बांधणार होता. पोरगा वाईट नव्हता, आबांच्या खांद्यावर खेळलेला. सकाळीच येऊन आबांच्या खांद्याचं चुंबन घेऊन गेला आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "कोना कोई नहीं खोदेगा, चाचा. गेट तुम्हारे घर के लिए हमेशा खुला. लेकिन तुम गया, तो उधर कौन आएगा?" आबांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नव्हता. हरीशची कंपनी गुंडाळली होती, त्याचाही इकामा महिनाअखेर संपत होता. पुण्यात नोकरी मिळाली होती. लताचा राजीनामा रविवारी द्यायचा म्हणून पर्समध्ये तयार होता. आणि त्यांच्या लेकीचं, अंतराचं, तर पुण्याच्या कॉलेजात नाव लागलेलं. सतरा वर्षांची ती पोर होस्टेलच्या नावाने नुसती नाचत होती. महिन्याभरात कुवेतमध्ये धुरी नावाचं माणूस उरणार नव्हतं.

म्हणून ही शेवटची राखण. सगळे कोपऱ्यात उभे राहिले. हवा पडली होती आणि आभाळ पिवळसर झालं होतं, धुळीचं वादळ येण्याआधी होतं तसं. कामकरी नमाजाला गेले होते, शेतात दुसरं कोणी नव्हतं. आबांनी नारळ दगडावर ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज घरची लेकरा-बाळा तुझ्या पुढ्यात उभी आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला मागून असं म्हणायचंच असतं.

"तू खंयचो, कोणाचो, तुझा नाव काय, आमका ठावक नाय. तरी तू ह्या शेताची राखण केलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात अंतराचा आवाज सगळ्यांत मोठा. तिला मालवणी कळत नव्हतं, पण लहानपणापासून हा भाग तिचा आवडता. आजोबा काहीतरी लांबलचक बोलतात आणि आपण ओरडायचं.

"काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबा थांबले. त्यांनी मान वळवून हरीशकडे बघितलं आणि पुन्हा दगडांकडे वळले. "माका आता हंयसून जावचा लागता. पण तुका मी एकट्याक टाकूचंय नाय. माझ्या घरातला माणूस तुझ्या सोबतीक हंयच रवात, म्हाराजा!"

आबा घरातलं एक माणूस इथे मागे ठेवायचा शब्द देत होते, हे हरीशला कळलं आणि त्याने व्हय म्हटलं नाही. वासंतीला कळलं आणि तिने तोंडावर पदर घेतला. लताला कळायला एक क्षण जास्त लागला. आणि त्या शांततेत अंतरा एकटीच, खणखणीत आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

झाऊच्या फांद्या हलल्या. वारा नव्हता.

*

वासंतीने पानं उचलायचं तसंच सोडलं. तिने हरीशला बाहीला धरून शेडच्या आडोशाला ओढलं.

"ऐकलंस ना रे? चेडवान, अंतरान शब्द दिल्यान!"

"बाय, प्लीज. तिला एक अक्षर समजत नाही त्यातलं."

"समजला काय आणि नाय समजला काय! गाऱ्हाण्यात म्हटलेला व्हय परत घेता येता काय?"

"मग सही पण घेतली असेल ना राखणदाराने?" हरीश हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "आबांनी असलं काही बोलायचंच कशाला? तुम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं का?"

हे वासंतीला झोंबलं. ती आबांच्या बाजूने आहे, असं घरात सगळे धरून चालत. आबांना कुडाळला न्यायचा हट्ट तिचा, आणि हरीशला वाटायचं की त्यामागे तिचा काहीतरी डाव आहे. डाव कसला, बापडी एकटी राहून कंटाळली होती. घरात हाक मारायला कुणी नव्हतं. "माझ्या भाचीचा वायट मी ठरवीन?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "तू असो कसो रे झालंस?"

हरीश ओशाळला. "अंतरा कुठाय?" त्याने विचारलं.

ती कुठेच दिसेना. तेवढ्यात वादळ आलंच. वफऱ्याला वादळ आवाज न करता येतं. आधी क्षितिज जातं, मग कुंपण, मग शेजारची माणसं. बघता बघता सगळं नारिंगी झालं आणि तोंडात मातीची चव आली. वासंती पदराने नाक झाकून "अंतरा! अगे अंतरा!" अशा हाका मारत राहिली. पंपाच्या बाजूने बोलण्याचा आवाज येत होता. पोर कुणाशी तरी बोलत होती. बोलायची, थांबायची, ऐकायची, पुन्हा बोलायची. वासंतीला पुढे जावेना. तिने आयुष्यात पुष्कळ धीराची कामं केली होती, नवऱ्याला स्वतः अग्नी दिला होता, पण त्या पंपाकडे तिचे पाय वळेनात. ती मागे फिरली आणि लताला बोलवायला धावली.

*

लताला अंतरा सापडली ती पंपाजवळ नव्हे, कोपऱ्यात. चुन्याच्या दगडांना टेकून मांडी घालून बसली होती.

"काय करायलीस इथे? ऊठ. डोळ्यांत माती जाईल."

"मम्मा, आय ॲम फाइन."

"कुणाशी बोलत होतीस? आत्या घाबरली ना."

"एक जण होता. सावलीत." अंतरा अगदी सरळ, शेजारच्याबद्दल सांगावं तसं सांगत होती. "नीट दिसला नाही. त्याने विचारलं, तू राहणार ना? आय सेड येस."

"कोण? कामावरचा?"

"नो."

"मग कोण?"

अंतराने खांदे उडवले. "मम्मा, तुम्ही लोक जा. मी थांबते. मी हो म्हटलंय ना."

लताने तिचा हात धरला. एवढ्या उकाड्यात हात बर्फासारखा गार. आतल्या खोलीतून कुणी तरी चालत जावं तशी नाडी हळू, लांबून लागत होती. लताने कपाळ बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, मान वाकवून बघितली. सवयीने. ताप नाही, गरगरणं नाही, पोर शुद्धीत. फक्त जी मुलगी सकाळी गाडीत होस्टेलच्या रूममध्ये कोणत्या रंगाचे पडदे लावायचे यावर डोकं खात होती, ती आता पुण्याचं नावही घ्यायला तयार नव्हती.

"आणि कॉलेज?"

"कसलं कॉलेज?" अंतराने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

लताने नवऱ्याला हाक मारली. तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, हरीश धावतच आला.

"हिला गाडीत घाला. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचं."

आबा शेडच्या पायरीवर बसले होते. "नेव नका," ते म्हणाले. "ता येवचा नाय."

"आबा, तुम्ही आता एक शब्द बोलू नका!" लता ओरडली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यापुढे ती आवाज चढवून बोलली नव्हती. आज तिला त्याचं भानही नव्हतं.

अंतराने विरोध केला नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरलं तर निमूट चालत आली, मागच्या सीटवर लताच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. हरीशने दिवे लावून गाडी हळूहळू फाटकाकडे घेतली. पुढचं काही दिसत नव्हतं. लताने बोटं पोरीच्या मनगटावर ठेवली होती. फाटक ओलांडलं, चाकं डांबरावर चढली, आणि नाडी लागेना.

लताने मनगट बदललं. मग मानेवर बोटं ठेवली. नाडी नाही. अंतराचे डोळे उघडे होते आणि ती शांतपणे खिडकीबाहेर बघत होती.

"अहो, गाडी फिरवा."

"काय झालं?"

"फिरवा म्हणते ना! हॉस्पिटल तासाच्या वाटेवर आहे. फिरवा!"

हरीशने त्या आंधळ्या रस्त्यावर गाडी तशीच मागे घेतली. फाटकाच्या आत आल्याबरोबर लताच्या बोटांखाली काहीतरी हललं. एक ठोका. मग दुसरा. लता रडायला लागली, हुंदके देऊन, लहान मुलासारखी. वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, पण आपल्या पोरीच्या नाडीसाठी ती पहिल्यांदाच रडत होती.

*

"आता सांगा," हरीश आबांपुढे उभा राहिला. "काय करायचं ते सांगा. मी काही म्हणणार नाही."

अंतराला पुन्हा कोपऱ्यात नेऊन बसवलं होतं, कारण तिथेच तिच्या गालांवर थोडा रंग होता. वासंती तिच्या पायांना आपल्या हातांनी ऊब देत होती. आता ती घाबरत नव्हती. घाबरायला वेळच नव्हता.

"तेचो दोष नाय," आबा म्हणाले. "तो वायट नाय. मरताना तेणा माझो हात धरलेल्यान. म्हणता, माका एकट्याक टाकू नको. मी म्हटलंय, व्हय बाबा, व्हय. मरणाऱ्याक कोण नाय म्हणता? मगे लढाई संपली, तारा कुडाळसून निरोप धाडी, परत येवा. दोनदा तिकीट काढलंय. दोनदा फाटकाभायर जाऊन परत इलंय. माका वाटला, शेतीची ओढ आसा." त्यांनी मान कोपऱ्याकडे वळवली. "शेतीची नाय होती. तेची होती."

हरीशने हे कधी ऐकलं नव्हतं. आई सांगायची, तुझ्या बापाला माझ्यापेक्षा टोमॅटो जवळचे. मरेपर्यंत ती असंच धरून चालली. हरीशही तेच धरून चालला होता आणि बापावर मनातल्या मनात रागावत मोठा झाला होता. आता तो राग कुठे ठेवायचा, हे त्याला कळेना.

"मग आज ते कशाला बोललात?"

"माका वाटला तू व्हय म्हणशीत." आबांनी मान खाली घातली. "शिपायाचो झील तू. मी तुझ्यासाठी थांबललंय. चेडू बोलला."

"ठीक आहे. मी घेतो अंगावर. सांगा काय म्हणायचं ते."

"तू खंय रवतलस? महिन्याभरान तुझो इकामो संपता. खोटो शब्द तेका चालूचो नाय. वासू पावणी म्हणान इली हा. मी जातंय." आबा हळूहळू बोलत होते, सगळा विचार आधीच करून ठेवल्यासारखे. "घरातला जा कोण खरोखर रवात, तेणा आपल्या तोंडान शब्द घेवचो. आणि घरच्या कर्त्यान व्हय म्हणूचा. मगे चेडू सुटात."

घरातलं जे कोण खरोखर राहू शकेल. कुणी लताकडे बघितलं नाही, आणि म्हणूनच लताला कळलं.

इकामा तिचा होता. नोकरी तिची होती. वॉर्डची मुख्य बाई अजून मागे लागली होती, राजीनामा देऊ नकोस म्हणून. आणि ह्या सगळ्यातून सुटून पुण्याला जायचं, सकाळी उशिरा उठायचं, पोर कॉलेजातून येईल तेव्हा घरी असायचं, एवढंच स्वप्न लताने गेली कितीतरी वर्षं उराशी धरलं होतं. कुवेत तिला कधी आवडलं नव्हतं. ती इथे फक्त राबली होती.

"लता, नाही," हरीश म्हणाला. "हे सगळं वेड आहे. डॉक्टरला फोन लावू, ॲम्ब्युलन्स बोलावू—"

"या धुळीत ॲम्ब्युलन्स येईल का? आणि आली तर फाटकाबाहेरच नेणार ना तिला?" लताने डोळे पुसले. "माझा विश्वास नाही हो यावर. अजूनही नाही. पण माझ्या बोटांवर आहे."

ती उठली आणि दगडांपुढे जाऊन उभी राहिली. हात जोडावेत की नाही, तिला कळेना. शेवटी तिने पेशंटच्या खाटेशी उभं राहावं तसे हात पुढे बांधले.

"मला तुमचं ते मालवणी येत नाही," ती म्हणाली. "मी परभणीची. धुरींची सून. ह्यांच्या घरातच धरतात मला, बहुतेक." वासंतीने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे बघ बाबा. माझ्या पोरीला कळत नव्हतं, ती नुसती ओरडली. तिला जाऊ दे. तिचं वय आहे जायचं. तिच्या जागी मी राहते. ही सगळी जातील, मी जाणार नाही. दर शुक्रवारी येईन. ड्यूटी असली तर शनिवारी येईन, पण येईन. खुबूस आणीन. आजारी पडले तरी सांगून पडेन. तुला एकट्याला टाकणार नाही."

तिचं संपलं. सगळे हरीशकडे बघायला लागले.

व्हय म्हटलं तर पोर सुटते आणि बायको इथे अडकते. त्याची आई कुडाळला अशीच वाट बघत संपली होती, आणि आता त्याच्या घरात तेच उलटं सुरू होणार होतं, त्याच्याच तोंडच्या एका शब्दाने. त्याने लताकडे बघितलं. तिची बोटं पुन्हा अंतराच्या मनगटावर गेली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"म्हणा हो," लता कुजबुजली. "नाडी बुडायलीय. लवकर म्हणा."

धुळीत कुठेतरी दबका, पुसटसा आवाज आला, "व्हय म्हाराजा." आबांनी सुरुवात केली असं वाटून हरीशला धीर आला आणि तोही म्हणाला, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, "व्हय म्हाराजा!"

अंतरा शिंकली. एकदा, दोनदा. नाक पुसून तिने सगळ्यांकडे बघितलं.

"व्हाय इज एव्हरीबडी क्राइंग? आणि माझे केस बघा, शी! मम्मा, मला जाम भूक लागलीय. आत्या, ती भाकरी उरली का?"

वासंतीने तिला छातीशी घट्ट धरलं आणि उरलेली भाकरी तिथेच, धुळीसकट, तिला भरवायला लागली. लता हलली नाही. ती पोरीची नाडी मोजत राहिली, मोजून झाली तरी मोजत राहिली. मग वासंती तिच्याकडे सरकली आणि आपल्या पदराने तिचं तोंड पुसत म्हणाली, "लता, मी वर्षातून एकदा येईन ग. तू एकटी नाहीस." लताने मान हलवली. तिला हसायचं होतं, पण जमलं नाही.

धूळ बसायला लागली. आबा कधी उठले कुणाला कळलं नाही. बघतात तर ते फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते, एकटे, ताठ, आणि एकदा आत आणि एकदा बाहेर असं पाऊल टाकून बघत होते. मग ते बाहेरच थांबले. हरीश त्यांच्याजवळ गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"बरं झालं तुम्ही आधी म्हणालात," हरीश म्हणाला. "मला एकट्याला जमलं नसतं."

"मी खंय म्हटलंय? मी म्हणाक नाय. तो कर्त्याचो मान."

हरीश वासंतीकडे वळला. तिने जोरजोरात मान हलवली. तोंडात भाकरी असलेली अंतरा आपली सगळ्यांकडे बघत होती.

लता कोपऱ्यात पानं आवरत होती. सिगरेट अर्धी जळलेली होती, तिने ती उचलून बाजूला ठेवली. मान वर न करता ती म्हणाली, "मी ऐकलं ना. अगदी माझ्या शेजारून." तिने खुबूसवरची धूळ फुंकून झाडली. "पोरगं आहे हो ते. आवाजसुद्धा फुटला नाही अजून त्याचा."